ऑपरेशन पुण्यात, पथ्य बीडात

ऑपरेशनला बीड जिल्हा बिचकत नाही. २०१९ साली हा जिल्हा देशभर गाजला तो याच कारणाने. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं तिशी-पस्तिशीतच काढली जात असल्याच्या बातम्या आल्या, विधिमंडळात प्रश्न झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कामाचा खाडा नको, मुकादमाचा दंड नको, कॅन्सरची भीती नको; पिशवी काढली की कटकट मिटली, असा हिशेब होता. कटकट मिटली नाही. कंबर धरली, अंगातून वाफा येऊ लागल्या, हाडं वेळेआधी ठिसूळ झाली. त्यातल्या कितीजणींना ऑपरेशननंतर कॅल्शियमची गोळी किती वर्षं घ्यायची हे कोणी बसवून सांगितलं असेल, याचा हिशेब कुठल्या अहवालात नाही.

हे जुनं उकरून काढायचं कारण, आता जिल्ह्यातून लोक एका वेगळ्या ऑपरेशनला जाऊ लागले आहेत. दवाखान्याच्या पाटीवर त्याला ‘बॅरिॲट्रिक सर्जरी’ म्हणतात, गावात ‘पोट लहान करायचं ऑपरेशन’. दोन्हींची जातकुळी एक नाही. गर्भाशयाची बरीच ऑपरेशनं गरज नसताना झाली. वजनाची शस्त्रक्रिया योग्य माणसावर केली तर आयुष्य वाढवते आणि त्याला भक्कम पुरावा आहे. तिला जाणारी माणसंही वेगळी. डोक्यावर उसाची मोळी वाहणारी बाई तिथे नसते. असतो तो कॅनॉलखालचा बागायतदार, आडत्या, मास्तर, कंत्राटदार, नाहीतर लग्नानंतर पाच-सात वर्षांत चाळीस किलो वाढलेली आणि गुडघे गेलेली सून. दोन-चार लाखांचा खर्च झेपणारं घर. साम्य एकाच ठिकाणी आहे, आणि ते घातक आहे: ऑपरेशन झालं म्हणजे संपलं, ही समजूत.

शस्त्रक्रियेचा दिवस पुण्यात जातो, नाहीतर छत्रपती संभाजीनगरात किंवा मुंबईत. दुर्बिणीतून होते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस घरी येतो. पुढची तीस-चाळीस वर्षं मात्र गेवराईत, केजात, धारूरच्या घाटाखालच्या एखाद्या वाडीत काढायची असतात. सर्जन तिथे नसतो. आहारतज्ज्ञ नसते. असते ती चूल, सासू, पंगत, तालुक्याचा डॉक्टर आणि मेडिकलवाला. शस्त्रक्रिया टिकणार की वाया जाणार हे यांच्या हातात असतं, असं माझं मत हा विषय धुंडाळताना पक्कं होत गेलं.

आधी पोटात नेमकं काय होतं ते पाहू. सध्या सर्वांत जास्त केली जाते ती ‘स्लीव्ह’. यात जठराचा पाऊण हिस्सा, कधी त्याहून थोडा अधिक, कायमचा कापून काढतात. उरते ती शंभर-दीडशे मिलिलिटरची निमुळती नळी. एक कप चहा मावेल एवढी जागा. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी तीसेक मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, अन्न मधला टप्पा ओलांडून जातं. केवळ जागा कमी झाली म्हणून वजन उतरतं, हा अर्धा खुलासा झाला. स्लीव्हमध्ये जो भाग काढला जातो तिथे भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. ते घटतं आणि पहिले काही महिने भूक जवळपास विसरल्यासारखी होते. मधुमेहींची साखर तर कधी कधी वजन उतरायच्या आधीच खाली येते. वॉल्टर पोरीज या अमेरिकी सर्जनने १९९५ साली हे निष्कर्ष मांडले तेव्हा निबंधाच्या शीर्षकातच ‘असं कुणाला वाटलं असतं?’ अशा अर्थाचा अचंबा होता.

ऑपरेशन कुणी करावं, याचं उत्तर आपल्याकडे थोडं वेगळं आहे आणि त्यामागे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि इंग्लंडच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार: भारतीय शरीराची ही ठेवण याज्ञिकांनी नवजात बाळांतही दाखवली आहे. म्हणून गोऱ्यांसाठी आखलेली वजनाची रेघ आपल्याला लागू पडत नाही. २०२२ मध्ये एका अमेरिकी आणि एका आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून नवे निकष दिले तेव्हा आशियाई लोकांच्या बाबतीत बीएमआय २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करता येईल असं म्हटलं. विमा कंपन्यांची रेघ मात्र अजून वरच आहे: ४०, किंवा मधुमेह-हृदयविकारासारखा गंभीर आजार जोडीला असेल तर ३५. एकशे साठ सेंटिमीटर उंचीच्या बाईचं उदाहरण घेतलं तर २७.५ म्हणजे ७० किलो आणि ४० म्हणजे १०२ किलो. या दोन आकड्यांच्या मधल्या माणसांना सर्जन ‘या’ म्हणू शकतो आणि विमा कंपनी ‘नको’ म्हणते. माझं विचाराल तर सत्तर-पंचाहत्तर किलोवर कोणी ऑपरेशनची घाई करत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्यावं.

महाराष्ट्रात हे ऑपरेशन घराघरांत माहीत झालं ते नितीन गडकरींमुळे. सप्टेंबर २०११ मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, त्यांनी मुंबईत डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्याकडून ते करून घेतलं. मराठी राजकारणात खाण्याचे शौक जाहीरपणे मिरवणारा माणूस हे करतो म्हटल्यावर बातमी होणारच. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दहा वर्षांनंतरचा प्रसंग. फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैनच्या सभेत त्यांनी तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना जाहीर आव्हान दिलं: जेवढे किलो उतरवाल तेवढे हजार कोटी मतदारसंघाला. आणि सांगितलं, माझंही वजन १३५ होतं, आता ९३ आहे. फिरोजियांनी मनावर घेतलं आणि काही महिन्यांत पंधरा किलो उतरवून हिशेब मागितला. सभेतली गंमत सोडून देऊ. शस्त्रक्रियेला दशक उलटल्यावरही तो माणूस आपलं वजन किलोत सांगत होता, चालणं आणि प्राणायाम यांविषयी बोलत होता. म्हणजे काम चालूच होतं.

ते चालूच ठेवावं लागतं, हे स्वीडनमधल्या एका अभ्यासाने आकड्यांत मांडलं आहे. १९८७ साली सुरू झालेल्या या पाहणीत शस्त्रक्रिया झालेली दोन हजारांवर माणसं आणि न झालेली तेवढीच माणसं वर्षानुवर्षं तपासली गेली. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं. दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे शंभर किलोचा माणूस ६८ पर्यंत गेला आणि ७५ वर स्थिरावला. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाणही स्पष्टपणे कमी निघालं. यात दोन गोष्टी दडल्या आहेत. थोडं वजन परत येणं हे ठरलेलंच असतं, त्यात लाज वाटण्याजोगं काही नाही. आणि ही सरासरी आहे. सरासरीच्या एका बाजूला ६५ वर टिकलेले असतात, दुसऱ्या बाजूला पुन्हा ९५ वर गेलेले. ऑपरेशन सगळ्यांचं सारखंच झालेलं असतं. फरक पडतो तो बऱ्याच अंशी नंतरच्या दिवसांनी.

आता चुलीपाशी येऊ. पहिले पंधरा दिवस फक्त पातळ, पुढचे पंधरा दिवस मऊ-गाळीव, मग मऊ भात-वरण आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी चावून खायचं जेवण, असा क्रम बहुतेक ठिकाणी देतात. दवाखान्याच्या छापील कागदावर मात्र क्लिअर सूप, ग्रीक योगर्ट, ब्रोकोलीची प्युरी असं काही लिहिलेलं असतं. पाटोद्याच्या बाजारात ब्रोकोली शोधायला निघालेला नवरा डोळ्यांसमोर आणा. खरं तर मराठवाड्याच्या स्वयंपाकात या प्रत्येक टप्प्याचं उत्तर आधीच आहे. वरणावरचं पाणी, मुगाचं कढण, पातळ ताक, हुलग्याचं माडगं. आजारी माणसाला माडगं पाजणं आजीला शिकवावं लागत नाही. तिखट आणि फोडणी टाळायची आणि गाठी राहू द्यायच्या नाहीत, एवढंच सांगावं लागतं. पुढच्या टप्प्याला घट्ट शिजवून घोटलेलं वरण, मऊ पिठलं, मोडाच्या मटकीचं गाळलेलं वाटण. चावायच्या टप्प्यावर हुलग्याची शेंगोळी. हुलग्यात शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. गरिबाघरचं धान्य म्हणून आपण त्याला मागे सारलं. या रुग्णांना त्याहून सोयीचं धान्य शोधून सापडणार नाही.

कारण या सगळ्या खटाटोपाचा कणा प्रथिनं हा आहे. दिवसाला किमान साठ ग्रॅम, असं साधारण सांगतात. ती कमी पडली तर उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, माणूस बारीक होतो आणि जिना चढताना धापा टाकतो. बीडचं मुख्य अन्न भाकरी. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत पाचेक ग्रॅम प्रथिनं, म्हणजे नुसत्या भाकरीवर साठ गाठायला बारा भाकरी लागतील, आणि पोटात तर अर्धी मावते. म्हणून ताटातला क्रम उलटा करावा लागतो: आधी घट्ट वरण, उसळ, पिठलं, अंडं किंवा पनीर; जागा उरली तर भाकरीचा चतकोर. दोन अंड्यांतून बारा ग्रॅम, ग्लासभर दुधातून सहा-सात, मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांतून सात-आठ, वाटीभर घट्ट वरणातून तेवढेच. दिवसभरात पाच-सहा वेळा थोडं थोडं खाल्लं तरच हा आकडा जमतो. जिल्ह्यात वारकरी माळकरी पुष्कळ, लिंगायत आणि मारवाडी घरंही आहेत. तिथे अंड्याचा विषय काढायची सोय नाही. मग दूध, दही, पनीर, डाळी, सोयाबीन आणि बहुतेकदा प्रथिनाची पावडर. सोयाबीन आपल्याच रानात पिकतं आणि पोती भरून बाजारात जातं, घरात येत नाही. हे मला कायम नवल वाटत आलं आहे.

इथे एक अडथळा खास मराठी आहे. २०१८ च्या सुमाराला आपल्याकडे घरोघरी दोन पक्ष पडले होते. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचाराचा धागा धरून, दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा म्हणत होते. ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं खा म्हणत होत्या. लग्नाच्या मांडवात यावरून वाद झाले. शेजारच्या लातुरातले डॉक्टर म्हणून आपल्याकडे दीक्षितांचा पगडा मोठा, आणि ऑपरेशन करून आलेल्या माणसाला पहिला सल्ला तोच मिळतो: “दोनदाच जेव, बाकी काही तोंडात टाकू नको.” ज्याच्या जठरात कपभर जागा उरली आहे त्याने दोनदाच जेवायचं म्हटलं तर प्रथिनांचा आकडा वीस-पंचवीसच्या पुढे सरकत नाही. शाबूत जठराच्या माणसांसाठी सांगितलेली पथ्यं कापलेल्या जठराला लावू नयेत. उलट टोकही तितकंच वाईट. दर दोन तासांनी म्हणता म्हणता दिवसभर काही ना काही चघळणं सुरू होतं. शेव, फरसाण, चहात बुडवलेलं बिस्कीट हे सगळं तोंडात विरघळून अरुंद नळीतूनही सहज सरकतं, पोट भरल्याची खूण देत नाही. वजन परत येतं ते बहुधा याच वाटेने. मटकीच्या उसळीने कोणाचं वजन परत आल्याचं ऐकिवात नाही.

पाण्याचंही तसंच. जेवताना तांब्या शेजारी हवाच, ही आपली रीत. या लोकांना जेवणाबरोबर पाणी चालत नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून, घोट घोट, दिवसभरात दीड-दोन लिटर. एका दमात ग्लास रिकामा करायची सवय असलेल्या माणसाला हे वाटतं त्याहून अवघड जातं, आणि बीडच्या मे महिन्यात तर फारच. सकाळी भरलेली लिटरची बाटली दुपारपर्यंत संपली पाहिजे असा साधा नेम ठेवावा. तहान लागण्याची वाट बघू नये.

मग पंगत. या जिल्ह्यात सप्ताह वर्षभर कुठे ना कुठे चालू असतो. नारायणगडाचा, गहिनीनाथगडाचा, गावोगावचा. काल्याच्या दिवशी हजारोंची पंगत बसते, वाढपी बादली घेऊन धावतात आणि पानात पडलेलं टाकणं म्हणजे अन्नाचा आणि देवाचा अपमान. १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमीच्या कामावरची सुकडी आठवणारी माणसं अजून घरात आहेत. त्यांच्यासमोर पानात निम्मं ठेवून उठणारा माणूस माजलेला वाटतो. त्यात आग्रह. “काय होतंय एका घासानं?” होतं. बायपास झालेल्या माणसाने बुंदीची मूठ किंवा गुळवणीत बुडवलेली पुरणपोळी खाल्ली तर साखर थेट आतड्यात उतरते. दहा-वीस मिनिटांत घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येऊन जुलाब होतात. डॉक्टर त्याला डम्पिंग म्हणतात. कधी एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली जाऊन डोळ्यांपुढे अंधारी येते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण दिवाळीच्या सुमाराला पिकणारं ते गोड फळ अख्खं खाणं या लोकांना झेपेलच असं नाही. दोन-तीन गऱ्यांवर थांबावं.

पंगतीत न बसणं हा यावरचा उपाय मी सुचवणार नाही. गावात पंगत सोडली की माणूसच सुटतो. आधी घरून वाटीभर उसळ खाऊन जावं, पानात आपल्या हाताने थोडं वाढून घ्यावं, बाजूला घरातलं माणूस बसवावं म्हणजे उरलेलं त्याच्या पानात जातं. वाढप्याचा हात अडवायचं काम रुग्णाचं नव्हे, शेजारी बसलेल्या बायकोचं, भावाचं, जावयाचं. सासूबाई एकदा म्हणाल्या, “तिला नका आग्रह करू, डॉक्टरनं सांगितलंय,” की भावकीतलं कोणी पुन्हा तोंड उघडत नाही. हे एक वाक्य घरातल्या थोरांकडून वदवून घेणं हा मला पथ्याचा निम्मा भाग वाटतो.

उपासांचं जरा सांगायला हवं. चतुर्थी, एकादशी, नवरात्रात अंबाजोगाईच्या योगेश्वरीचे नऊ दिवस. मुस्लिम घरांत रमजान. पहिलं वर्ष-दीड वर्ष कडक उपास नकोत, असं डॉक्टर सांगतात. नंतर करायचाच असेल तर साबुदाण्याची खिचडी निव्वळ पिष्ट आहे. भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी आणि दही बरं. रोजा ठेवणाऱ्यांनी आधी सर्जनला विचारावं आणि सोडताना शरबताचा ग्लास टाळावा.

आता गोळ्या. या ऑपरेशननंतर मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि दिवसाला १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हे जन्मभराचं आहे. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर कॅल्शियम लोह नीट शोषू देत नाही, म्हणून दोन तासांचं अंतर. दर वर्षी रक्ताची तपासणी. हे सगळं कागदावर असतं आणि बहुतेकजण वर्षभर पाळतातही. मग बरं वाटायला लागतं, गोळ्या संपतात, पुण्याची फेरी लांबते. बी-१२ चा साठा यकृतात बराच असतो, त्यामुळे दोन-तीन वर्षं काही जाणवत नाही. मग पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसराळूपणा वाढतो. तालुक्याच्या डॉक्टरला ऑपरेशनची माहितीच नसते. तो म्हणतो नस दबली असेल, साखर वाढली असेल. ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं, त्याचा आत्ता काय संबंध, म्हणून रुग्णही बोलत नाही. गर्भाशय काढलेल्या बायकांच्या बाबतीत झालं तेच इथे दुसऱ्या रूपात होतं: शस्त्रक्रियेची फाइल एका गावी आणि तिचे परिणाम दुसऱ्या गावी.

दोन धोके तर थेट आपल्या दवाखान्यांच्या सवयींतून येतात. वारंवार उलट्या होणाऱ्या माणसाला आपल्याकडे पहिलं काय करतात? सलाईन. या रुग्णांत काही आठवडे उलट्या चालल्या तर बी-१ म्हणजे थायामिन झपाट्याने संपतं, आणि अशा वेळी ते न देता ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूवर कायमची इजा होऊ शकते. आधी थायामिन, मग ग्लुकोज. दुसरं, अंगदुखीची गोळी आणि कंबरेत टोचायचं इंजेक्शन. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं बायपासच्या जोडावर व्रण पाडतात. म्हणून माझी सूचना अशी की ऑपरेशन कोणतं, कधी, कुठे झालं, काय द्यायचं नाही आणि सर्जनचा नंबर, एवढं मराठीत लिहिलेलं कार्ड आधार कार्डाच्या पाठीमागे कायम ठेवावं. मेडिकलवाल्यालाही दाखवावं, गावात पहिला सल्ला त्याचाच असतो.

तंबाखूचं नाव या कार्डावर वेगळं लिहायला हवं. सिगारेट ओढत नाही म्हणून माणूस निश्चिंत असतो, पण गायछापची चिमूट आणि बायकांची मिश्री यांची गणना तो व्यसनात करत नाही. निकोटिनमुळे व्रणाचा धोका वाढतो. दारूचं गणितही बदलतं: बायपासनंतर ती रक्तात लवकर आणि जास्त चढते, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षी दारूच्या आहारी जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. खाण्यातून मिळणारा आनंद आटला की माणूस दुसरं काही शोधतो, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. ढाब्यावरच्या बैठकीत जेवण चुकवणारा पण ग्लास न चुकवणारा गडी दिसला तर मित्रांनी ते कौतुकाने घेऊ नये.

चालण्याबद्दल पुरुषांना सांगायला फारसं काही नाही. बीड शहरात असो की परळीत, पहाटे रस्त्याच्या कडेने चालणारे असतातच. अडचण बाईची. शेतात राबणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम कशाला, आणि न राबणाऱ्या बाईने गावातून उगाच चालत जायचं म्हणजे चार नजरा. “कुठं निघालीस?” या प्रश्नाला ‘फिरायला’ हे उत्तर पटत नाही. दोघी-तिघींनी मिळून मंदिरापर्यंत जाणं चालतं. मग मंदिर जरा लांबचं निवडावं. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा जोर लावायचा व्यायाम हवा, स्नायू टिकवण्यासाठी. खुर्चीतून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठ-बस, पाण्याने भरलेल्या कळशीएवढं वजन उचलणं. जिम नसल्याने काही अडत नाही.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. मूठ मूठ गळतात. ते बहुतेक वेळा परत येतात, पण हे आधी माहीत नसेल तर घरात रडारड होते. पोटाची, दंडाची कातडी लोंबते. चेहरा उतरतो. गावात बारीक होणं म्हणजे खंगणं, “काय झालंय हिला?” ही कुजबुज सुरू होते, आणि कौतुकाची अपेक्षा करणाऱ्या बाईला दयेच्या नजरा झेलाव्या लागतात. तरुण बाईच्या मागे आणखी एक तगादा: आता बारीक झालीस, आता पाळणा हलू दे. वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता खरंच वाढते, पण पहिले बारा ते अठरा महिने गर्भ राहू देऊ नये, कारण आईचंच शरीर तुटवड्यात असतं. हे सुनेला सांगून उपयोग नाही. नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगावं.

२०२५ मध्ये वजनाची इंजेक्शनं भारतात आली, मार्चमध्ये मोंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही. ऑपरेशनऐवजी ती घेऊ का, असं लोक विचारू लागले आहेत. काहींना ती योग्यही ठरतील. पण वेगोव्हीतलं औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. प्रथिनं, पाणी, चालणं यांतून इंजेक्शन घेणाऱ्यांचीही सुटका नाही.

राहिला पाठपुराव्याचा प्रश्न, आणि तो रुग्णाच्या माथी मारून चालणार नाही. बीड शहराला प्रवासी रेल्वे मिळाली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, तीही तूर्त अहिल्यानगरपर्यंत. दर तपासणीला पुणे गाठायचं तर गाडी, दिवसाचा खाडा आणि सोबतीचं माणूस लागतं. त्याची खरंतर गरज नाही. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ज्याची ओळख सांगितली जाते ते स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय अंबाजोगाईत आहे. तिथे मेडिसिन विभाग आहे, प्रयोगशाळा आहे, शिकणारी शेकडो मुलं आहेत. महिन्यातून एक दिवस शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांची ओपीडी लावली, रक्त तपासलं, गोळ्या पाहिल्या, सर्जनशी फोनवर बोलणं करून दिलं, तरी जिल्ह्याचं काम भागेल. तीच ओपीडी गर्भाशय काढलेल्या बायकांच्या हाडांसाठीही उघडी ठेवता येईल, आणि त्यांचा हक्क तर आधीचा आहे. ऑपरेशनचे पैसे घेणाऱ्या शहरातल्या दवाखान्यांनीही डिस्चार्जच्या कागदावर रुग्णाच्या तालुक्याच्या डॉक्टरचं नाव विचारून त्याला एक पत्र पाठवावं. टपालाचा खर्च काही रुपयांचा आहे.

हा अंक तुमच्या हाती असेल तेव्हा समोर फराळाचं ताट असेल आणि भाऊबीजेला पाहुणे येतील. त्यांच्यात असं ऑपरेशन झालेलं कोणी असेल तर त्याच्यापुढे लाडवाआधी भाजलेले शेंगदाणे आणि दह्याची वाटी ठेवा. आणि बी-१२, लोह, ड जीवनसत्त्वाची शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा. वर्ष उलटून गेलं असेल तर सुट्ट्या संपल्यावर पहिल्याच सोमवारी त्याला सोबत घेऊन लॅबमध्ये जा.